मामाजीले भुंगा सापडला होता

फोन आला तवा माहा उजवा हात पिठात होता आन डावा मागं, कमरेवर. हे मले पक्कं आठवते, कारन फोन कोन्या हातानं उचलावं तेच सुचे नाई. उजव्याले पीठ, आन डावा तर मी भिताडावरच्या बोर्डाजोळ काहीई करतानी मागंच ठेवते, फोन तठीच चार्जिंगले लावला होता... ही सवय मले मामाजीनं लावली. मामाजी म्हंजे माहे सासरे. अकोल्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याइचं दुकान, जुने रेडिओ, भोंग्याच्या मशिना, काचेच्या वाल्वच्या मशिना दुरुस्त करत. फोन माह्या नवऱ्याचा होता, अमरावतीहून. म्हने, "बाबाले करंट लागला." मी म्हटलं, "मंग? कसे हायेत?" मागं कोनीतरी खुर्च्या सरकवून रायलं होतं, तेच आयकू ये. मंग म्हने, "चिऊले शेजारी ठेव आन ये." चिऊ आमची पोट्टी, चार वर्साची. मी म्हटलं, "जित्ते हायेत का तेवढं सांगा." फोन कटला. पीठ परातीत तसंच रायलं, वाळलं, तिसऱ्या दिवशी माह्या मायनं खरवडून काढलं.

दीड महिना झाला त्याले. पेपरच्या पुरवणीवाल्या ताईनं म्हटलं, बोलता तसंच लिहा. मी आठवी शिकली, नववीत नाव घातलं पन गेली नाई, म्हून जसं येते तसं लिहून रायली. भेव लागते. चिऊचे बाबा म्हने, "विचार कर, आपल्याले याच लोकाइत राहाचं हाये." मी म्हटलं, मामाजीलेई याच लोकाइत राहाचं होतं. ज्याच्यापायी हे झालं त्या मानसाचं नाव लिहू नोका असं ताईनं सांगतलं, नाई लिहत. सगळे त्याले शेठ म्हनतात, मीई शेठच म्हनते. अमरावतीले त्याचा मंडप-साउंडचा धंदा, आन माहा नवरा त्याचीच गाडी चालवे. म्हंजे घरात येनारं पीठ त्याच्याच गाडीवरून येत होतं, हे पयलेच सांगून टाकते, मंग कोनी म्हनाले नोको का लपवलं.

मी तिवस्याची. लग्न होऊन आली तवा एकोनीस वर्साची होती. सासू नोती, घरात दोघं बापलेक. दुपारी हे गाडीवर जात, मी एकटी, भेवाडी. विजेचं तर इतकं भेव का टूब लावाची तरी लाकडी चपलेवर उभी राहो. मामाजीनं ते पायलं आन हासले नाईत. म्हने, "भेव हाये ते चांगलं हाये माय. ज्याले भेव नाई त्याच्या हातात मी पेचकस देत नाई." मंग म्हने, "मनीआर्डर घेतो तसा उजवा हात पुढं कर. आता डावा मागं घे, पदरात खोच. चालू मशीनले एकच हात लावाचा. एका हातात करंट आला तर झटका बसते, मानूस शिव्या देते आन चहा पेते. दोन हात लावले तर करंट एका हातातून दुसऱ्यात जाते, आन मंधात काय हाये?" मी म्हटलं, "काय हाये?" म्हने, "तूच हायेस ना बाप्पा."

असं शिकली मी. चिऊ पोटात होती तवा सोल्डरिंगचा धूर सोसे नाई, ते मले दारात बसवत आन तठूनच पाठ घेत, "सांग, भुंगा कुठी बसला?" भुंगा म्हंजे मशीनमंधी जो घुंऽऽ आवाज येते तो. बाकी मिस्तरी त्याले हमिंग म्हनतात, मामाजी भुंगा म्हनत. त्याइची रीत अशी का आधीच काही खोलाचं नाई. पयले आयकाचं. मंग मागच्या बाजूनं एकेक वाल्व काढत जाचं. गल्लीत लेकरू रडून रायलं आन कोन्या घरात ते समजत नाई, तर एकेक दार लावत जाचं, ज्या दारानं आवाज बंद झाला ते घर. मले ते लवकर समजलं, कारन माह्या मायच्या गल्लीत लेकरं लय होते.

आन दोन सवया आनखी होत्या, त्या सांगल्याशिवाय पुढचं समजनार नाई. एक, दुरुस्त झालेल्या मशीनच्या दर स्क्रूवर, दर जोडावर ते लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. कोनी मागून खोललं तर ठिपका फुटते आन समजते. पयली बाटली माह्या लग्नातल्या डब्ब्यातली होती. म्हने, "सूनबाई, तुही लाली दे." मले वाटलं कुंकू पायजे. गिऱ्हाइकं चिडवत, "काय मिस्तरी, या वयात नेलपॉलिश?" तर म्हनत, "तू बायकोले लावून देतो का? नाई ना? मंग ती दुसऱ्याच्या हातानं उघडली तर तुले समजनार नाई." बायकाइत बसून असं बोलत नसत, पन मी आतून आयकलं हाये.

दुसरी सवय अर्थिंगची. दुकानाच्या मागं त्याइनं सोताच्या हातानं खड्डा खोदून, मीठ-कोळसा भरून अर्थिंग गाडलं होतं, घराच्या अर्थिंगहून अलग. उन्हाळ्यात अकोल्याची जमीन भेगाळते, अर्थिंग सुकते. म्हून रोज सकाळी सोता चहा घ्याच्या आधी एक लोटा पानी त्या खड्ड्यात. शेजारच्या कमलबाई मले म्हने, "तुहा सासरा देवधर्म लय करते वं, तुळस वाळून गेली तरी पानी घालते." तठी तुळस कधीच नोती. मामाजी म्हनत, "मशीन दुरुस्त करनाऱ्याचा एकच देव, तिसरी पिन, अर्थिंगची. बाकीच्या दोनीइनं मशीन चालते, तिसरीनं मानूस वाचते." काही मिस्तरी हमिंग घालवाले ती तिसरी पिन तोडून टाकतात. तोडली का लय वेळा आवाज खरंच बंद होते. मामाजी त्या मिस्तऱ्याइले मिस्तरी म्हनत नसत, त्याइच्यासाठी जो शब्द होता तो ताई छापनार नाई.

ती मशीन शेठच्या बापाची. टुरिंग टॉकीजच्या वक्ताची, गान्याचा आवाज मोठा करनारी, लोखंडी, हिरव्या रंगाची, समोर दोन मोठे वाल्व, पेटले का संत्र्याच्या सालीवानी उजेड. शेठचा बाप भला मानूस होता म्हनतात, मामाजी पोरगे असतानी त्याच्याच तंबूत ही मशीन पुसत पुसत शिकले. टॉकीज गेली, मशीन गोदामात पडली, आन आता शेठले कोनीतरी सांगतलं का असल्या मशिना पुन्या-मुंबईचे शौकीन लोक हुडकत फिरतात. तवा त्याले बापाची आठवन आली. पोरीच्या साखरपुड्यात जुन्या गान्याचा कार्यक्रम याच मशीनवर करतो म्हने. मशीन आमच्या दुकानात आली तवा मामाजीनं तिच्या पत्र्यावरून हात फिरवला, उजवाच, आन म्हने, "बाई, तू म्हातारी झाली. मीई झालो."

महिना घेतला त्याइनं. सुकलेले कंडेन्सर बदलले, वायरा बदलल्या, भुंगा एकदम चूप. फक्त ट्रान्सफॉर्मर जुना, त्यातून पत्र्यावर करंट झिरपे. त्याची तार नव्यानं गुंडाळून आनाले वेळ लागनार होता. म्हून त्याइनं नवीन थ्री पिन लावली, अर्थिंगची वायर सोता जोडली, ठिपका दिला आन शेठले दुकानात उभं करून सांगतलं, "जोपर्यंत ही तिसरी वायर हाये तोपर्यंत ही गाय हाये. वायर निघाली का नागीन." शेठ मोबाईल पाहून रायला होता. म्हने, "हो हो, मिस्तरी."

मशीन अमरावतीले गेली आन दुसऱ्या दिवशी फोन, आवाज येते. परत आनली, दुकानात लावली, चूप. मामाजीनं कान लावला, मी लावला, चिऊनं लावला, चूप. परत नेली, परत आवाज. तिसऱ्यांदा शेठ सोता आला, आन दुकानात चार गिऱ्हाइकं बसली असतानी म्हने, "बुढ्या, मशीनमंधी काही नाई, तुह्या कानात हाये. तुले आयकूच येत नाई आता. सांगाचं ना तसं, दुसऱ्याले देल्ली असती." त्या दिवशी चकोल्या केल्या होत्या, त्याइच्या आवडीच्या, दोन घास खाऊन ताट सरकवलं. मले म्हने, "माय, मी तुह्याशी बोलतो तवा मोठ्यानं बोलतो का वं?" मी म्हटलं, "नाई मामाजी." म्हने, "खरं सांग, आं." ...एवढ्या वर्साचा मानूस, सूनेले इचारून रायला का माहे कान गेले का. हे मी शेठले माफ केलं नाई. हे तर मामाजीच्या मरनाच्या आधीचं हाये, आन हेच मी माफ केलं नाई, मंग पुढचं तुमीच पाहा.

दोन दिवसानं सकाळच्या यष्टीनं, मुर्तिजापूरवरून, ते सोताच अमरावतीले गेले. कार्यक्रमाच्या हॉलमंधी जाऊन नुसते बसले. मशीन चालू, भुंगा चालू. मंग त्याइनं एकच गोष्ट केली, मशीन आन मिक्सर यांच्या मंधातली वायर उपसली. मिक्सर म्हंजे चटणीचा नाई, गान्याचा, लय बटनं असलेला पाट, मलेई पयले चटणीचाच वाटला होता. वायर उपसली, भुंगा चूप. वायर लावली, भुंगा हजर. दिवेलागनीले घरी आले तर पायातली चप्पल न काढता आत आले, असं कधीच करत नसत. म्हने, "माय, सापडला. मशीनमंधी नोताच, दोन घराइच्या मंधात होता."

मंग भाकरीच्या तव्याजोळ बसून मले समजावलं. मशीनची पिन एका बोर्डात, तिले एक अर्थिंग. मिक्सरची पिन दुसऱ्या बोर्डात, तिले दुसरं अर्थिंग. आन मंधातल्या वायरच्या अंगावर तांब्याची जाळी असते, ती दोनी अर्थिंगाइले एकमेकाइशी बांधते. दोन अर्थिंग असे गळ्यात पडले का भुंगा बसते. दुकानात मिक्सरच नोता, म्हून दुकानात भुंगा नोता. मी म्हटलं, "मंग एक अर्थिंग तोडावं लागन?" माहा कान पकडला त्याइनं, आयुष्यात पयल्यांदा. "सोडाचं ते जाळीचं एक टोक. त्या मधल्या वायरची जाळी एका बाजूनं सोडाची. बोटभर काम. पिनेचं अर्थिंग सोडलं तरी भुंगा जाते, हेच तर पाप हाये. दोनीइनं आवाज जाते. एकानं मानूसई जाते."

दुसऱ्या दिवशी त्याइनं नवीन वायर बनवली. एका टोकाले जाळी जोडली, दुसऱ्या टोकाची सोडून देल्ली, आन सोडलेल्या टोकाले लाल ठिपका. शेठले माह्यासमोर फोन लावला, मी तठीच भाजी निवडून रायली होती, फोन स्पीकरवर होता. "शेठ, सापडलं. परवा सकाळी वायर घेऊन येतो. तोपर्यंत मशीनले हात लावू नोका, पिन तर बिलकूल काढू नोका, पत्र्यावर करंट हाये." शेठ म्हने, "बरं बरं, या." त्याच्या त्याच कानानं आयकलं त्यानं. त्याचे कान तर चांगले होते.

परवा सकाळी मामाजी गेले. खांद्यावर झोला, झोल्यात वायर. जातानी अर्थिंगले पानी पाजलं, चिऊले म्हने, "तुह्यासाठी काय आनू?" ती म्हने, "भुंगा." हासत गेले.

तठी काय झालं ते मी पायलं नाई, जोडून जोडून समजली हाये. आदल्या दिवशी संध्याकाळी हॉलमंधी गान्याची तालीम होती. भुंगा आला. शेठले दम नोता, सकाळपर्यंतचाई दम नोता. सकाळी मामाजी पोचले तवा मशीन चालू होती, आवाजाचं बटन खाली. चूप होती म्हून त्याइले नवल वाटलं नाई, बटन खाली असलं का चूपच राहते. बटन वर असतानी ती चूप रायली असती तर त्याइले समजलं असतं का कोनीतरी पिनेचं अर्थिंग काढलं, पन बटन खाली होतं... त्याइनं जुनी वायर उपसाले घेतली. ती घट्ट बसली होती. ज्या मशीनले तिसरी पिन हाये तिले दोन हात लावले तर चालते, हे त्याइचंच सांगनं, आन पिन त्याइनं सोता लावली होती. म्हून एक हात मशीनच्या पत्र्यावर टेकवला आन दुसरा मिक्सरवर. सगळी जिंदगी मागं ठेवलेला डावा हात त्याइनं त्या एका वेळेस पुढं केला. सोताच्या कामावर इस्वास होता म्हून केला.

दवाखान्याच्या पायऱ्यावर मी पोचली तवा शेठ पोलिसाले सांगून रायला होता, "बुढ्यानंच पिनेची वायर तोडली होती. आवाज जाईना म्हून तोडली असन. वय झालतं. मीच म्हनत होतो, आराम करा." आन माह्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून होता तो. माहा नवरा खाली पाहून रायला होता. पोलिसानं लिहून घेतलं. मसनात लोकं हळूहळू बोलत, बिचारा, हात कापत असन, कान गेले होते म्हनतात. तेरवीपर्यंत अख्ख्या अकोल्याले समजलं का मामाजी सोताच्या चुकीनं मेले. जीव तर नेलाच त्यानं, त्याइचं कामई नेलं. मानूस जाते हे मले समजते. पन ज्या पापाले ते जिंदगीभर शिव्या देत होते, तेच त्याइच्या नावावर...

तेरवीनंतर शेठनं ती मशीन आमच्याच घरी पाठवून देल्ली. त्याच्या गोदामात कोनी मानूस तिच्याजोळ जाईना, खुनी मशीन म्हनत. संग मामाजीचा झोला आला. मशीन दुकानात ठेवली तवा मी दोन दिवस त्या खोलीत गेली नाई, चिऊले जाऊ देल्लं नाई, कडी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी चिऊ झोपली, मी गेली. मशीन कुठीच लावेल नोती, तरी डावा हात मागं. पिन खोलली. अर्थिंगची वायर कापेल होती आन टोकावर निळी टेप गुंडाळेल होती. मामाजीनं निळी टेप उभ्या जन्मात वापरली नाई, ते कापडी काळी वापरत, आन कापडीवरई ठिपका देत. स्क्रूवरचा लाल ठिपका मंधातून फुटेल होता. मी तठीच खाली बसली. मंग झोला पायला. नवीन वायर तशीच होती, वेटोळं करून, दोऱ्यानं बांधून.

चिऊच्या बाबाले दाखवलं. म्हने, "टेपच्या रंगावरून कोनी मानते का?" मी म्हटलं, "तुमी मानता का?" दुसऱ्या दिवशी शेठनं त्याइच्याच हातानं निरोप पाठवला, तुह्या बायकोले सांग, मशीनले हात लावू नोको म्हना, उगाच लेकराच्या मायनं असल्या कामात पडू नोये. लेकराच्या मायनं. रातभर नाई, दिवसभर ते वाक्य माह्या डोक्यात घुंऽऽ करत रायलं. मी भेली. खोटं कावून सांगू, मशीन देऊन टाकावं असं वाटलं. पन मंग सकाळी लोटा घेऊन मागं गेली तर अर्थिंगच्या खड्ड्यातली माती भेगाळली होती. मामाजी गेले तवापासून कोनी पानीच पाजलं नोतं. पानी टाकलं तर सूंऽऽ करून पिऊन गेली ती. तवा ठरवलं.

मी जुनी पिन वायरसकट कापून, निळ्या टेपसकट, पावडरच्या डब्बीत ठेवली. आधी फोटो काढले. मशीनले नवीन थ्री पिन लावली, अर्थिंग जोडलं. दोन दुपारा लागल्या, मामाजीले पाच मिन्टं लागले असते. सोल्डर माह्या पायावर पडला, डाग अजून हाये.

मंग आठेक दिवसानं फोन आला, पुन्याचा शौकीन मानूस मशीन पाहाले येते, चालू करून आयकाची म्हनते, शेठ घेऊन येते. मी म्हटलं, या. चिऊचे बाबाच गाडी घेऊन आले, गाडीत शेठ, तो पुन्याचा मानूस, शेठचा ऑपरेटर, आन मिक्सर. कमलबाईले मी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, आनखी दोघी शेजारनी दारात. मी मशीनची पिन दुकानाच्या बोर्डात लावली. ऑपरेटर मिक्सरची लावाले गेला तर म्हटलं, "त्या बोर्डात जागा नाई भाऊ, स्वयंपाकघरातून घ्या." जागा होती. पन दुकानाचं अर्थिंग अलग, घराचं अलग. आन मंधात लावाले त्याले मशीनसंग आलेली जुनी वायर देल्ली. मी मुद्दाम केलं. इथी लिहून देते, मुद्दाम केलं.

वाल्व पेटले. मी एका हातानं बटन वर केलं. घुंऽऽ... भिताडं घुमली. असा भुंगा मी कधी आयकला नोता. पुन्याच्या मानसानं तोंड वाकडं केलं, म्हने, "हे काय? तुम्ही तर म्हणालात एकदम क्लीन आहे." शेठ लाल झाला. म्हने, "क्लीनच हाये साहेब, एक मिनिट." आन ऑपरेटरवर डाफरला, "पाहून काय रायला? पिनेची वायर काढ ना, त्या दिवशी काढली होती तशी. चूप होते."

भुंगाच तेवढा बोलत होता. ऑपरेटर जाग्यावरून हालला नाई, त्याची मान खाली गेली. शेठले समजलं पन उशिरा समजलं. कमलबाई लय सावकाश म्हने, "त्या दिवशी म्हंजे कोन्या दिवशी, शेठ?" शेठ म्हने, "तुमाले काय समजते त्यातलं?" तर म्हने, "मले काहीच समजत नाई बाप्पा, म्हून तर इचारून रायली." दारात माहा नवरा उभा होता. त्याइनं गाडीची चाबी काढली आन मामाजीच्या टेबलावर ठेवली. आपटली नाई, ठेवली.

मंग मी दुकानातल्या खिळ्याले टांगून ठेवलेली मामाजीची वायर काढली. बटन खाली केलं, मशीन बंद केली, जुनी वायर काढली, नवीन लावली, लाल ठिपका मशीनकडे. मशीन चालू, बटन पुरं वर. चूप. तिसरी पिन जाग्यावर, आन चूप. एवढी चूप का बाहेरची चिमनी आयकू आली. मी शेठले म्हटलं, "आता आयकू येते का तुमाले?"

पुन्याचा मानूस चहा न घेता गेला. ऑपरेटरनं पुढच्या आठवड्यात ठान्यात येऊन खरं सांगतलं, शेठनं सांगतलं म्हून कापली असं. चिऊच्या बाबानं तक्रारीच्या कागदावर सही केली. आता ते दुसऱ्याच्या टेम्पोवर जातात. पुढं काय होईन ते मले ठाऊक नाई, शेठजोळ वकील हाये, वळख हाये. लोकं म्हनतात, जाऊ दे, आता मानूस थोडीच वापस येते. मले वापस नोको, येत नसते हे चिऊलेई समजते. मले एवढंच पायजे का शेठ जठी जाईन तठी त्याच्या कानात तो भुंगा बसावा. लग्नात, मंडपात, जेवाले बसल्यावर. आन कोन्याच मिस्तऱ्याले तो सापडू नोये.

मशीन न्याले पोलीस आले तवा मी म्हटलं, दोन मिन्टं थांबा. आतून नेलपॉलिश आनली, लग्नातली नाई, ती कधीच सरली, ही मामाजीनं शेवटी आनलेली. दर स्क्रूवर ठिपका देल्ला, जुनी पिन ठेवलेल्या डब्बीच्या झाकनावरई देल्ला. शिपाई म्हने, "हे काय बाई?" मी म्हटलं, "तुमच्यातल्या कोनी खोललं तर समजन." तो हासला, मंग मामाजीच्या फोटोकडे पायलं आन हासाचा थांबला.

सकाळी आता चिऊ लोटा नेते. खड्ड्यात पानी टाकतानी डावा हात मागं ठेवते, फ्रॉकच्या नाडीत खोचून. तिले कोनी सांगतलं नाई, आजोबाचं पाहून पाहून आलं. वायर तेवढी पोलिसाइनं नेली नाई, ती कामाची नाई म्हने. ती खिळ्याले टांगून हाये, वेटोळं करून, लाल ठिपका वर्ते. मामाजीनं ती शेठसाठीच बनवली होती, म्हंजे ती त्याची हाये, मी कोनाची वस्तू ठेवून घेत नाई. शेठ, कधीई या, वायर न्या. फक्त घ्याले येसान तवा दोनी हात पुढं करून या.